आतून लावलेलं कुलूप

आईने एका गुरुवारी अण्णांना न विचारता घराला होकार दिला. ती रिक्षाने सावेडीला गेली, झरेकरांच्या घरी बसली, चहा प्यायली आणि ओटीत नारळ घेऊन परत आली. मी तिच्यासोबत होते. अण्णा तेव्हा ऑफिसात होते.

आम्ही भिंगारला क्वार्टरमध्ये राहायचो. अण्णा लष्कराच्या एका डेपोत सिव्हिलियन कारकून होते. आमची सकाळ बिगुलाने व्हायची. कधी कधी लांबच्या रेंजवरून तोफेचा दणका यायचा, मांडणीतली ताटं एकमेकांना लागून बारीक वाजायची, आणि आई भाकरी थापता थापता म्हणायची, "झालं यांचं सुरू." बाहेर ओळीने कडुनिंब होते. त्यांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे मारलेले, आणि पट्ट्यांवर प्रत्येक झाडाचा नंबर. घरातल्या पंख्यालाही नंबर होता, दिव्याच्या खांबालाही. आई म्हणायची, "इथं नंबर नाही असे आपणच." भिंतीत खिळा ठोकायचा तर अर्ज करावा लागे, म्हणून तिने सगळा संसार ट्रंकांत आणि खुर्च्यांच्या पाठींवर मांडला होता. हिवाळ्यात ती हुलग्याचं शेंगोळं करायची, त्याचा लसणाचा वास शेजारच्या क्वार्टरमधल्या पंजाबी हवालदाराच्या बायकोला ओढून आणायचा. ती वाटी घेऊन दारात उभी राहायची. असं ते घर वाईट नव्हतं. पण ते आमचं नव्हतं, आणि अण्णांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. त्यानंतर क्वार्टर रिकामं करावं लागणार होतं, आणि दुसरं घर आम्हाला मिळत नव्हतं. खरं तर घरं मिळत होती. ती अण्णांना पटत नव्हती.

अण्णा मूळचे पाथर्डीकडचे. त्यांच्या लहानपणी दिवाळी उरकली की निम्मं गाव ऊसतोडीला निघून जाई आणि गल्लीच्या गल्ली कुलपात असे. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे आणि पोरांकडे एक काम असायचं, लोकांच्या कुलपांना रोज हात लावून बघायचं. अण्णांनी ते काम इतक्या मनापासून केलं असावं की ते पुढे कधी सुटलंच नाही. शिकले, नोकरी लागली, ऑफिसातली भाषा आली, पण कुठल्याही घरासमोर उभे राहिले की त्यांची नजर आधी कडीकोयंड्यावर जायची. घर बघायला जाताना त्यांच्या खिशात एक जाडसं नाणं आणि एक काचेची गोटी असे. नाण्याने ते भिंती वाजवायचे. गोटी फरशीवर ठेवून उतार बघायचे. कोपऱ्यात वाकून वास घ्यायचे. दारावर 'विकणे आहे' अशी पाटी असली तर ते आत पाऊलच टाकत नसत. "पाटी लागली म्हणजे धा जणांनी नाकारलेलं घर," म्हणायचे. आणि मालक भेटला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "का विकताय?" या प्रश्नाचं कुठलंही उत्तर त्यांना चालत नसे. मुलीचं लग्न आहे म्हटलं तर खोटं, बदली झाली म्हटलं तर अर्धवट. चांगलं घर विकणारा मूर्ख असतो आणि मूर्खाशी व्यवहार करू नये. वाईट घर विकणारा लबाड असतो, त्याच्याशी तर मुळीच करू नये. एकदा हे सगळं ऐकून घेऊन आई म्हणाली, "मग घेणारा कोण असतो?" अण्णांनी पेपर डोळ्यांसमोर धरला.

माझा भाऊ विनायक अगदी उलट. तो घरात शिरला की थेट गच्चीवर पळायचा. गच्चीवरून चांदबिबीचा महाल दिसला की त्याचं घर पक्कं. खाली येईपर्यंत त्याने खोल्या वाटून टाकलेल्या असायच्या, "ही माझी, ती मीनाताईची." अण्णांनी नकार दिला की तो दोन दिवस जेवताना बोलत नसे, मग नवं घर, नवी गच्ची. श्रीगोंद्याहून मामा यायचा तो घरात शिरायचाच नाही. घराकडे पाठ करून रस्त्यावर उभा राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायचा. "घराचं काय दाजी, पाडून परत बांधता येतं. रस्ता बांधता येतो का?" मी वस्तू बघायची. कपाटात पुस्तकं आहेत का, देवघरातली फुलं आजची आहेत का, मुलांनी भिंतीवर काय लिहून ठेवलंय. घर बघायला आलो म्हटलं की लोक आपलं सगळं उघडून दाखवतात, आणि मला दर वेळी चोरी केल्यासारखं वाटे. आई स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची. नळ सोडायची, बंद करायची, आणि मग काहीच करायची नाही, नुसती उभी. बाहेर आल्यावर कसं वाटलं विचारलं तर म्हणायची, "बघू." घर घ्यायचं की नाही हे तिला कधी कुणी विचारलं नाही, कसं वाटलं एवढंच विचारलं.

परवा विनायकचा मुलगा आणि सून मला फोनवर पुण्यातले फ्लॅट दाखवत होते. तो विनायकसारखाच, प्रत्येक व्हिडिओला "आत्या, हे बघ, हे फायनल." सून मात्र फोटो बोटांनी मोठा करून बघत होती. "हा फोटो कोपऱ्यात बसून काढलाय. खोली एवढी मोठी नसते," ती म्हणाली. "आणि प्रत्येक फोटोत ती एकच खिडकी का बंद आहे?" अण्णांना तिने कधी पाहिलेलं नाही. मी तिला म्हटलं, "तुझी आणि त्यांची भेट व्हायला हवी होती." तिला वाटलं मी कौतुक करते आहे. थोडं होतंही.

झरेकरांचं घर अण्णांना ऑफिसातल्या एका शिपायाने सांगितलं. झरेकर साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे मिरजगावचे. घर विकून गावी परत जायचं म्हणत होते, पण गल्लीत अजून कुणाला बोलले नव्हते. हे ऐकून अण्णांचे डोळे चमकले. "गल्लीला माहीत न्हाई, म्हणजे गल्ली खरं बोलंल." मालकाला भेटण्याआधी शेजाऱ्यांकडे चौकशी करायची, असं त्यांनी ठरवलं. एका शनिवारी ते मला बरोबर घेऊन गेले. मी तेव्हा बी.ए.ला होते. "पोरगी सोबत असली की लोक चोर समजत न्हाईत," ते म्हणाले.

ती गल्ली शांत होती. झरेकरांचं घर बैठं, पुढे थोडी जागा, लोखंडी फाटक, आणि फाटकाला आतल्या बाजूने कुलूप. भर दुपारी, माणसं घरात असताना. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. समोरच्या पायरीवर एक बाई मेथी निवडत बसली होती. अण्णा तिच्याकडे गेले.

"हे समोरचे झरेकर, माणसं कशी आहेत?"

बाईने मेथी बाजूला ठेवली. आधी अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे, वेणीपासून चपलेपर्यंत. मग पदर सारखा केला.

"चांगली हायेत की. का वो?"

"सहज. घरात भांडणतंटा?"

"छ्या! आवाज न्हाई घरात."

"कुणाला दुखणंबिखणं? जुनाट आजार?"

"न्हाई न्हाई." हे जरा घाईने आलं. "दोघं नवराबायको. आन् पोरगा, पुन्याला कंपनीत हाय. सुपारीचं खांडसुदिक खात न्हाई."

अण्णांनी पोराचं विचारलं नव्हतं. "फाटकाला दिवसा कुलूप कशाला?"

"कुत्री शिरत्यात," बाई म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने सांगितलं, चोऱ्या होतात म्हणून. इस्त्रीवाला म्हणाला, "कुलूप? मी तर कधी बघितलं नाही." आणि तिघांनीही झरेकरांचं तोंडभरून कौतुक केलं. परत येताना बसमध्ये अण्णा खिडकीबाहेर बघत स्वतःशीच बोलत होते. "कुत्री. चोर. आन् कुलूपच न्हाई. तिघांनी ठरवून थोडंच सांगितलंय, पण तिघंबी लपवत्यात. आन् एवढं चांगलं कोण कुणाबद्दल बोलतं?" घरी आईला सगळं सांगून ते म्हणाले, "त्या घरात काहीतरी झालेलं हाय." चिडले, घाबरले किंवा रंगात आले की त्यांची ऑफिसातली भाषा गळून पडायची. पण कुतूहल इतकं होतं की त्यांनी शिपायाकडून निरोप पाठवला, रविवारी येतो.

रविवारी आम्ही तिघं गेलो. झरेकर टोपी घालून फाटकाशी आले, कुलूप काढलं, आम्हाला आत घेतलं. बैठकीत सतरंजीवर नवी चादर होती. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता. झरेकरकाकूंनी कडक इस्त्रीची साडी नेसली होती. त्यांनी मला हाताला धरून पंख्याखाली बसवलं. पोहे आले, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, बाजूला बेसनाचा लाडू. घर विकणारे आम्हाला आजवर फार तर चहा देत. अण्णांनी बशीकडे संशयाने बघितलं आणि नाणं काढून भिंत वाजवायला उठले. झरेकर त्यांच्यामागून पाण्याची टाकी दाखवायला गेले.

"शिक्षन किती झालं?" काकूंनी मला विचारलं.

"बी.ए. करतेय. मराठी घेऊन."

"बाजरीची भाकरी येती का?"

मी आईकडे बघितलं. आई गोंधळली होती, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची तिची पद्धत होती. "येते की. पातळ नाही जमत अजून."

"आमच्यातबी पातळ कुनाला आवडत न्हाई," काकू समाधानाने म्हणाल्या. "लई शांत हाय पोरगी."

एवढ्यात आतल्या खोलीत अण्णांनी गोटी फरशीवर ठेवली. ती घरंगळत कॉटखाली गेली. ती काढायला अण्णा वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग उठून बैठकीच्या दारात आले. त्यांच्या हातात गोटी नव्हती. "या खाटेवर कोण झोपतं?"

"कुनी न्हाई," काकू म्हणाल्या. "पाव्हन्यारावळ्यांसाठी असती."

"खाली काठी हाय. बाईमाणसाच्या चपला हायेत. पानाची चंची हाय." अण्णांनी झरेकरांकडे वळून बघितलं. "तुम्ही घरातलं एक माणूस लपवलंय."

झरेकर बायकोकडे बघायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर मला अपराध दिसला नाही, नवल दिसलं. तेवढ्यात समोरून मेथीवाल्या बाईची हाक आली, "अवो काकू, म्हातारी निसटली वो!" आणि आमच्यासाठी उघड्या ठेवलेल्या फाटकातून नऊवारीतली एक किडकिडीत म्हातारी आत आली. सगळ्यांवरून नजर फिरवत ती थेट माझ्या आईपाशी गेली आणि तिचं मनगट धरलं.

"आलीस व्हय? चल. ऊन व्हायच्या आत निघू."

"कुठं जायचं?" आईने विचारलं.

"घरी."

"बरं. आधी बसा, पोहे खा," आई म्हणाली आणि स्वतःची बशी तिच्यासमोर सरकवली. म्हातारी बसली. दात नव्हते, शेंगदाणे वेचून ती बशीच्या काठावर ओळीने ठेवत गेली.

काकू भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला. "आता काय लपवायचं. सासूबाई हायेत माझ्या. त्यांना काई ध्यानात ऱ्हात न्हाई. सारख्या मिरजगावला चालत निघत्यात. म्हनून कुलूप. म्हनून आज समोर नेऊन बसवलं हुतं. पन तेवढ्यावरनं पोराचं मोडू नका. हे रक्तातलं न्हाई वो, वयाचं हाय."

"कुठल्या पोराचं?" अण्णा म्हणाले.

मला तेव्हा कळलं. शनिवारी गल्ली आम्हाला काय समजली ते. आमच्याकडे लग्नाच्या वयाची मुलगी बरोबर घेऊन कुणी स्वभाव, आजार, व्यसन विचारत फिरलं, तर त्याचा अर्थ एकच होतो, स्थळाची चौकशी. मेथीवालीने ती काकूंच्या कानावर घातली असणार, आणि रविवारी पाहुणे येणार म्हटल्यावर काकूंनी ते स्थळच धरलं. आणि जुळत आलेल्या लग्नात मोडता घालायचा नाही, हा आमच्या गल्ल्यांचा धर्म. म्हणून तिघांनी आपापल्या परीने म्हातारीला झाकलं होतं. गल्ली खरं बोलेल म्हणून अण्णा गेले, आणि गल्ली खोटं बोलली ती त्यांच्याच मुलीचं भलं व्हावं म्हणून.

झरेकर घसा साफ करून म्हणाले, "अगं, हे आपलं घर घ्यायला आल्यात."

"घर?" काकूंनी पदर खाली घेतला. "कुनी काढलंय घर इकायला?"

हा प्रश्न विचारायचा राहिला होता, आणि त्याचं उत्तर ऐकायला अण्णा थांबलेच नाहीत. आम्हाला उठवून ते बाहेर पडले. बसस्टॉपपर्यंत ते आमच्या पुढे चालत होते. "बायकोला माहीत न्हाई. गल्लीला माहीत न्हाई. आईला लपवून ठेवतो. असल्या माणसाकडनं घर घ्यायचं?" आई म्हणाली, "त्याने नाही लपवली. तिने लपवली." अण्णा म्हणाले, "एकच." मग हा विषय संपला असं त्यांनी जाहीर केलं. पुढचे तीन दिवस आई नेहमीसारखी वागली. निवृत्तीनंतर गावी जाऊन राहू, पाथर्डीकडे, असं अण्णा एकदा जेवताना बोलून गेले. विनायकने ताटावरून मान वर केली. आईने त्याला भाकरी वाढली.

गुरुवारी अण्णा कामावर गेल्यावर तिने मला कॉलेज बुडवायला सांगितलं. आयुष्यात एकदाच सांगितलं. झरेकरांचं फाटक कुलूपबंद होतं. काकूंनी कमरेच्या किल्लीने ते काढलं, आम्हाला आत घेतलं आणि परत लावलं. झरेकर बाहेर गेले होते. म्हातारी खाटेवर झोपली होती. चहा होईपर्यंत दोघी हवापाण्याचं बोलल्या. मग आईने विचारलं, "तुम्हाला द्यायचंय का हे घर?"

काकू हसल्या. "आत्तापर्यंत हे कुनी इचारलं न्हाई मला. आमच्या ह्यांनीबी न्हाई. त्यांना वाटलं, बाई शहरातलं घर सोडाय कबूल व्हनार न्हाई, रडंल. म्हनून गपचूप गिऱ्हाईक बघत हुते." त्यांनी किल्ली जमिनीवर ठेवली. "आन् मला वाटायचं, ह्यांना गावाकडं जायची लाज वाटती. ताई, या कुलपात सासूबाई एकल्या न्हाईत. म्या भाजीला गेले न्हाई कवापासनं. देवळात न्हाई. मला म्हनले असते तर त्याच दिशी ट्रक बोलावला असता."

आई उठून स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागे गेले नाही. नळ सोडल्याचा आणि बंद केल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. ती बाहेर आली आणि म्हणाली, "उत्तरेची भिंत ओली आहे."

"हाय. पावसाळ्यात जास्तच," काकू म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू."

"मग द्या," आई म्हणाली. काकूंनी तिला पाटावर बसवून ओटी भरली.

संध्याकाळी अण्णांनी देवासमोरचा नारळ बघितला. "कुणी भरली ओटी?"

"घराच्या मालकिणीने."

अण्णांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी बूट काढले, परत घातले, परत काढले. "उद्या जाऊन देऊन ये माघारी."

"ओटी कुणी माघारी देतं का?"

व्यवहार मोडता येतो, बयाणा बुडवता येतो, पण बाईने बाईची भरलेली ओटी परत न्यायची हिंमत अण्णांच्या संशयातही नव्हती. बूट कोपऱ्यात ठेवून त्यांनी विचारलं, "उत्तरेची भिंत ओली हाय. बघितली का?"

"बघितली."

"मग?"

"वाळंल," आई म्हणाली. चिडली की तिचीही भाषा बदलायची.

ती भिंत अजून वाळलेली नाही. दर पावसाळ्यानंतर अण्णा ती नाण्याने वाजवून बघायचे आणि आईला ऐकू जाईल अशा बेताने "हं" म्हणायचे. झरेकर मंडळी मिरजगावला गेली. काकू पुढे एकदा भेटायला आल्या तेव्हा सांगत होत्या, तिथेही म्हातारी रोज सकाळी 'घरी' जायला निघते; पण गल्लीतलं कुणी ना कुणी तिला वेशीपर्यंत फिरवून परत आणून सोडतं. फाटकच नाही तिथे. त्यांच्या मुलाला मी कधी पाहिलं नाही. माझं लग्न झालं नाही, त्याचा या सगळ्याशी संबंध नाही. लोक विचारतात म्हणून लिहिलं.

आणखी एक गोष्ट मी बरीच वर्षं मनात घोळवत होते. अण्णा माणसांवर संशय घ्यायचे असं आम्ही म्हणायचो, पण त्या रविवारी त्या खोलीत संशय न घेणारं कोण होतं? झरेकरांनी बायकोवर घेतला, बायकोने नवऱ्यावर, गल्लीने आमच्यावर, आम्ही गल्लीवर. आईनेही विश्वासाने घर घेतलं असं मला वाटत नाही. तिने ओली भिंत बघून घेतलं. या वर्षी तिच्या आजारपणात मी तिला विचारलं, तुला खात्री होती का त्या दिवशी? ती म्हणाली, "नव्हती. पण तुझ्या अण्णांना खात्री होईपर्यंत थांबले असते तर कुठं राहिलो असतो?"

अण्णा गेले त्याला बरीच वर्षं झाली. आई श्रावणात गेली. दोघंही याच घरातून गेली. घर विकून तू पुण्याला ये, असं विनायक म्हणतो. मी अजून हो किंवा नाही म्हटलेलं नाही. सध्या या घरात मी राहते आणि एकीपुरता स्वयंपाक करते.